चुकायची जागा

पावसाळा सरला तशी मदिनाने नवऱ्याची, लतीफची क्लॅरोनेट बुरशी पुसायला खाली काढली. जव्हारचा पाऊस कशालाच सोडत नाही. पेटीतलं मखमली अस्तरही हिरवं पडलं होतं. पुसता पुसता तिने ती सहज ओठांना लावली.

लतीफ लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. पण तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात, गोव्याच्या म्हाताऱ्या वादकाशेजारी बसून, नुसत्या कानाने तो जॅझ शिकला होता. त्यातली एक धून त्याची फार लाडकी. मगरिबच्या नमाजानंतर आतल्या खोलीत दार लोटून तो ती वाजवायचा आणि ही भाकऱ्या थापत ऐकायची. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. घर इतकं गप्प, की स्वतःच ठेवलेल्या भांड्याच्या आवाजाने ती दचकायची. निदान धून तरी घरात राहावी, म्हणून मदिना पुढच्या खोलीत बसून शिकू लागली.

आधी नुसत्या किंचाळ्या निघाल्या. शेजारच्या मांजराने घरच सोडलं. मग हळूहळू सूर लागले. दर वेळी फुंकण्याआधी ती हलकेच घसा खाकरायची. धून सूर ओढत वर चढते, तिथे मात्र हटकून चुकायची.

एका संध्याकाळी ती तिथेच अडखळली, आणि आतल्या रिकाम्या खोलीतून तीच ओळ आली. सावकाश... बरोबर. क्लॅरोनेट तर तिच्याच हातात होती.

भीती वाटायच्या आधी मदिनाला रडू फुटलं.

पुढे रोज तसंच होऊ लागलं. एकदा शेजारची रंजना दबक्या आवाजात म्हणाली, "भाभी, तुमच्याकडे दोघं वाजवतात काय? एक चुकतो, दुसरा बरोबर करतो..."

"मी एकटीच आहे गं."



होता होता ती जागा मदिनाला जमली. त्या दिवसापासून आतून काहीच येईना. नीट वाजवल्याचा तिला फार पस्तावा झाला. शेवटी न राहवून तिने घसा खाकरला आणि मुद्दाम चूक केली.

बराच वेळ काही नाही. मग आतून सूर आला... चुकलेला. तिचीच चूक, जशीच्या तशी.

लतीफ ती जागा कधीच चुकला नव्हता.

आत जे कुणी होतं, ते तिचं ऐकून शिकत होतं. रंजनाकडे पळावं म्हणून ती दारापर्यंत गेलीही. पण परत यायचं होतं ते याच गप्प घरात. ती मागे फिरली, बसली, आणि ती जागा तिने बरोबर वाजवून दाखवली.

"आता तू..." ती पुटपुटली.

आत, अंधारात, कुणीतरी आधी हलकेच घसा खाकरला. अगदी तिच्यासारखा.