सरळ काड्यांच्या तक्रारी

“थांबा. बोलू नका.”

मी अजून दारातच होते आणि एक शब्दही बोलले नव्हते.

आत एक माणूस टेबलावर वाकला होता. टेबलावर जाड काच, काचेवर एक लांब, बारीक लाकडी काडी. त्यानं ती तळहातानं हलकेच पुढे लोटली आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. काडी आवाज न करता घरंगळत गेली. मग दुसरी सोडली. ती टकटक करत गेली. पहिली उजवीकडे ठेवली, दुसरी डावीकडे, आणि मग कुठे वर बघितलं.

“हं. आता बोला.”

“काडीवाले... तुम्हीच?”

“मीच.”

“मला वाटलं, म्हातारे असाल.”

“होईन की,” तो म्हणाला. “वेळ असेल तर बसा तोवर.”

बाबांच्या फोनमध्ये त्याचं नाव नुसतं ‘काडीवाला’ असं होतं. घरी त्याच्याविषयी ते असे बोलत, की मी पांढऱ्या मिशा गृहीत धरूनच आले होते. हा माझ्याहून जेमतेम मोठा. केसांत भुसा, कानावर पेन्सिल. बाहेर रिपरिप चालू होती. आत मात्र देवदाराचा कोरडा, गोडसर वास होता.

मी खांद्यावरची लांब पिशवी टेबलावर ठेवून सोडली. धनुष्य त्यानं लगेच ओळखलं. मुठीवरचं चामडं बाबांच्या अंगठ्यानं काळं पडलेलं आहे. त्याला त्यानं हात लावला नाही, नुसतं बघितलं.

“काका नाही आले?”

मी सांगितलं. एव्हाना सवय झाली होती. दोन वाक्यांत बसायचं ते.

तो उठला, खिडकीपाशी गेला आणि बंदच असलेली खिडकी पुन्हा बंद केली. “मागच्या खेपेला माझ्या चहाला नावं ठेवून गेले,” तो पाठमोराच म्हणाला. “म्हटलं होतं, पुढच्या वेळी बघाच...”

भेटायला आलेल्या कुणाचंच वाक्य मला आता आठवत नाही. हे आठवतं.

“मला बाण हवेत,” मी म्हणाले. “बाबांचे होते तसे. अगदी तसेच.” आणि नमुन्याचा बाण पुढे केला. आमच्या बाहेरच्या खोलीत तो भिंतीवर टांगलेला असे. शेपटीशी रंगवलेली दोन निळी कडी आणि मध्ये एक पांढरं. लहानपणापासून ‘बाबांचा बाण’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तोच येई.

कारणही सांगितलं. आमच्या मैदानावर हंगामाचा पहिला बाण कायम बाबा मारायचे. यंदा धनुर्विद्या मंडळाच्या काकांनी मला विचारलं. शाळेत असताना बाबांनी मला शिकवलं होतं, मग कॉलेज, नोकरी, आणि ते राहूनच गेलं. बाबांची जागा रिकामी राहू नये एवढं मला वाटत होतं. पण त्या जागेवर उभं राहून मी मातीत बाण मारला असता तर ते त्याहून वाईट दिसलं असतं.

“ओढा बघू हे. सोडू नका हं, नुसतं ओढा.”

“कशाला?”

“काडी हाताला जुळवावी लागते. सुटताना ती मासळीसारखी लवते, धनुष्याला वळसा घालते आणि मग सरळ होते. फार कडक असली तर लवतच नाही. निघते आपली भलतीकडे.”

“मला बाबांसारखेच हवेत.”

“हात कुणाचा?”

“हात माझा. बाण बाबांचे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं... आणि परत गेलं. “बरं. तुम्ही म्हणाल तसं. पण काका रागावले तर मी सरळ तुमचं नाव सांगणार.”

बाबा गेल्यापासून, ते पुढे कधी काही करतील असं कुणी बोललं नव्हतं. मला हसू आलं. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, की हसून बरेच दिवस झाले होते.

बाण देखणे झाले होते. निळी कडी, पांढरं कडं, हुबेहूब. मैदानावर पहिला मारला, तो डावीकडे गेला. दुसराही. सगळेच लक्ष्याच्या डावीकडे, मागच्या मातीच्या बांधात.

“अगं, लक्ष्य समोर आहे,” मंडळाचे काका म्हणाले. “बांध आपला असला तरी त्याला इतकं झोडपू नये.”

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा घेऊन दुकानात शिरले. बरोबर पुरावा म्हणून बाबांचा भाताही घेतला, शेवटच्या हंगामातल्या बाणांसकट.

“तुमच्या काड्या वाकड्या आहेत.”

त्यानं गठ्ठा सोडला. एकेक बाण घेऊन काडी डोळ्यासमोर आडवी धरायची, बोटांवर फिरवायची, बाजूला ठेवायची. सगळे बघून झाले. “सरळ आहेत.”

“म्हणजे वाकडी मी?”

“मी काडीबद्दल बोललो. बाकीचं तुम्ही जोडलंत.”

“लोकांना काड्या घालायचाच धंदा दिसतोय तुमचा!”

“घालायचा नाही, विकायचा,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “घालायच्या कुणाला, ते गिऱ्हाईक ठरवतं.”

मी चिडून भाता पुढे सरकवला. “हे बघा बाबांचे. हे कसे सरळ जायचे?”

त्यानं भात्यातला एक बाण काढला आणि तो हातात धरून बसला.

“हे मी सांगायला नको होतं,” तो म्हणाला. “पण आता... काका ऐकत नाहीयेत, असं धरून चालू.”

भिंतीजवळ एक लाकडी घोडी होती. तिच्या दोन खुंट्यांवर काडी आडवी ठेवायची, मध्यावर वजन टांगायचं, की काडी किती लवली ते काटा दाखवतो. त्यानं आधी माझा नवा बाण ठेवला. काटा जरासा हलला. मग बाबांच्या भात्यातला. काटा कितीतरी खाली गेला.

“हा मऊ आहे,” मी म्हणाले. “हा बाबांचा नाही.”

“काकांचाच आहे. भिंतीवरचा जुना, तेव्हाच्या खांद्याचा. पुढे खांदा कुरकुरायला लागला, धनुष्य पुरतं ओढवेना. मग दर हंगामाला येऊन म्हणायचे, यंदा जरा मऊ दे. दरवेळी थोडी आणखी मऊ. कडी मात्र तीच, निळी-पांढरी-निळी. म्हणायचे, घरी कळायला नको.”

मी लोकांचे डोळे तपासते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून भिंगं बदलते आणि विचारते, हे स्पष्ट की ते? समोरच्याला दिसत नाही ते मला चटकन कळतं, असा माझा समज होता. बाबा रोज माझ्यासमोर जेवायला बसायचे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चहाचं आधण ठेवलं आणि बराच वेळ भांड्यातच बघत राहिला. माझे डोळे पुसून होईस्तोवर चहा मुद्दाम उकळू दिला असावा, कारण तो भयंकर कडू झाला होता.

“बाबा बरोबर होते,” मी पहिल्या घोटानंतर म्हणाले.

“कशाबद्दल?”

“चहाबद्दल.”

तो मोठ्यानं हसला. मग मला एकदम आठवलं. “म्हणजे, ते बाण माझ्याकडून सरळ जाणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं!”

“तुम्ही मागितलेत तेच दिले.”

“ठाऊक होतं की नाही?”

“होतं,” तो कपाच्या आडून म्हणाला. “तुम्ही परत याल... हेही.”

घरी आईला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी मोडली नाही तिनं.

“मला ठाऊक होतं गं. बरणीचं झाकण निघायचं नाही तेव्हा माझ्यापुढे ठेवायचे. म्हणायचे, तूच उघड, मला घाई आहे. रिटायर झालेल्या माणसाला कसली घाई?”

“मग तू काय म्हणायचीस?”

“मी म्हणायचे, सैलच होतं की.” तिनं बाबांचा शर्ट नीट हातानं दाबला. “त्यांनी लपवलं, मी लपवू दिलं. झालं.”

त्यानंतर मी दुकानात जाऊन धनुष्य ओढायला तयार झाले. काडीवाल्यानं मापाच्या खुणा केलेली एक हलकी काडी धनुष्याला लावून दिली. मी हनुवटीपर्यंत ओढलं आणि तो शेजारी उभा राहून खूण वाचू लागला. खूण वाचायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ लागला.

“श्वास घेतलात तर चालेल,” तो म्हणाला.

“तुम्ही आधी घ्या.”

मग काड्यांची निवड सुरू झाली. काम सुटलं की मी तिकडे जाई. त्यानं शिकवलं: अंगठा काडीवरून शेवटपर्यंत फिरवायचा, लाकडाच्या रेषा टोकापर्यंत धावायला हव्यात, मध्येच बाहेर पळालेली रेष असली तर काडी तिथेच दगा देते. जरा वाकलेली असेल तर ती दिव्याच्या धगीवर फिरवायची, तळव्यानं दाबायची आणि निवेपर्यंत तशीच धरून ठेवायची. “घाई केली की पुन्हा वाकडी होते,” तो म्हणायचा. एकदा मी धरलेल्या काडीवर त्यानं आपला तळवा ठेवला. काडी केव्हाच निवली होती. आम्हाला दोघांनाही कळलं नाही... किंवा कळलं.

दोन काड्या समोर धरून तो विचारी, “ही, की ही?”

“हा माझा प्रश्न आहे. मी लोकांना विचारते.”

“मग आज उत्तर द्यायला शिका.”

माझे बाण तयार झाले. पण मैदानावरून आले की त्यातला एखादा मला खटके. मी तो घेऊन दुकानात जाई. “ही काडी जरा... वाकडी वाटते.” तो काचेवर दुसरीच कुठलीतरी काडी फिरवत ऐकल्यासारखं करी, मान हलवी. “हं. जरा आहे खरी.” आणि दुसरी देई. चहा होई. चहा सुधारत चालला होता.

एकदा मी अशीच निघाले होते. आईनं माझ्या हातातला बाण घेतला, एक डोळा मिटून त्यावरून बघितलं. तीस-पस्तीस वर्षं ती बाबांबरोबर राहिली होती.

“सरळ आहे की गं ही काडी.”

“नाही, जरा...”

“जा,” आई म्हणाली. “जरा उशीर झाला तरी चालेल.”

हंगामाच्या पहिल्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. मंडळी मागे ओळीनं उभी होती. आई घडीच्या खुर्चीत, आणि टोकाला, भुसा झटकून आलेला काडीवाला. खुणेच्या दगडाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं असतं. तिथलं गवत बाबांच्या बुटांनी कधी वाढूच दिलं नव्हतं. यंदा ते उगवलं होतं. ते तुडवण्याआधी मी क्षणभर थांबले. मग उभी राहिले.

भात्यात बाबांच्या शेवटच्या बाणांतला एकही मी घेतला नव्हता. ते त्यांचे होते. माझा बाण काढला, निळी-पांढरी-निळी कडी असलेला, माझ्या हाताच्या मापाचा. ओढला. सोडला.

तो लवला. मला दिसला लवताना, मासळीसारखा... आणि मग सरळ झाला. लक्ष्याच्या गवती गादीत रुतल्याचा धप्प आवाज आला. मधोमध नव्हे, मधल्या वर्तुळाच्या काठावर, जरासा उजवीकडे.

“बाबा तुझे नेमके तिथेच मारायचे,” मंडळाचे काका नाक शिंकरत म्हणाले. “वर सांगायचे, वाऱ्यामुळे.”

मी वळून बघितलं. आई टाळ्या वाजवत होती. काडीवाला वाजवत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी बघितलं तरी त्यानं नजर काढली नाही.

दोन दिवसांनी तो चष्म्याच्या दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल नाही. “डोळे तपासायचेत.”

मी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर चौकट चढवली. “ओळ वाचा... खालची... त्याच्या खालची.” तो सगळ्यात बारीक ओळही घडाघडा वाचत गेला. मी भिंग घातलं, काढलं. “हे स्पष्ट, की हे?”

“दोन्ही सारखीच.”

मी दिवा लावला. “तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.”

“माहीत आहे.”

“मग आलात कशाला?”

त्यानं चौकट काढली, पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उघडली आणि बाणांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. निळी-पांढरी-निळी. मी परत केलेला एकूण एक बाण त्यानं जपून ठेवला होता.

“सगळ्या काड्या सरळ आहेत,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून.”

मी त्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. कान तापले होते. बाहेर कुणीतरी दुकानाची घंटी वाजवली, मी ती वाजू दिली.

“मग तू काही बोलला का नाहीस?” मी म्हणाले.

“बोललो असतो,” तो म्हणाला, “तर तू आली असतीस?”