कडू नसलेली गोळी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या हातून झालेलं आहे.

भुतांवर तुमचा विश्वास नसेल तर नसू द्या. माझाही नव्हता. पण १९५९ च्या मे महिन्यातल्या त्या दुपारी, अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात, मी पूर्ण जागा होतो. आणि जे ऐकलं ते ऐकलं.

मी धर्मपाल. तिथं कंपाउंडर होतो. आमच्या वस्तीतला पहिलाच नोकरीवाला.

त्या उन्हाळ्यात बाहेरून एक मोठे डॉक्टर आले. रक्ताच्या आवेवर नवी गोळी निघाली होती. ती त्यांना तपासून पाहायची होती. बायकांच्या वॉर्डात बारा खाटा. विषम नंबरांना खरी गोळी. सम नंबरांना तशीच दिसणारी, खडूची.

पेशंटना सांगायचं नाही. महिनाभर दुसरं कोणतंही औषध द्यायचं नाही.

खडूवाल्यांचं काय, असं मी विचारलं. ते रागावले नाहीत. गुण गोळीचा की नुसत्या विश्वासाचा, हे असंच कळतं म्हणाले. आज सहा जणींना थांबवलं तर उद्या हजारो वाचतील. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं मला पटलंही.

मग सहा नंबरच्या खाटेवर जाईबाई आली.

हिवरखेडची. मजुरी करणारी, पन्नाशीची. नवरा डोमाजी तिला एस.टी.नं घेऊन आला होता. माझं नाव ऐकून तिचा चेहरा खुलला.

"जयभीम, बाबू. आपला मानूस हाय इथं, आता मले फिकर नाई."

डोमाजी निर्धास्त होऊन गावी परतला.

जाईबाईला गोळी गिळता येत नसे. ती चावून खायची. खडू दाताखाली वाजायचा. कुर्रम... कुर्रम...

पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "बाबू, सत्यभामाची गोळी कडूजहर हाय म्हनते. माही काहून कडू नाई?"

सत्यभामा शेजारच्या सात नंबरवर होती. ती सुधारत होती.

मी हसलो. हो, हसलो.

"तुमाले मुद्दाम चांगली देली, मावशी."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मग गोळी तोंडात टाकली.

आवेवरचं जुनं इंजेक्शन कपाटात होतं. किल्ली माझ्या कमरेला होती. नोकरी जाईल म्हणून मी कपाट उघडलं नाही.

बाराव्या दिवशी ती गेली. डोमाजी आला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तुम्ही तिच्यासाठी लय केलं, असं म्हणाला.

मी ते ऐकून घेतलं.

तीन दिवसांनी, दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. खिडक्यांवरचे वाळ्याचे ओले तट्टेसुद्धा सुकले होते. वॉर्ड झोपला होता. मी दाराजवळ टेबलाशी बसून नोंदी लिहीत होतो.

आणि...

कुर्रम...

मी मान वर केली. सगळ्या जणी निजलेल्या. कुणाचं तोंड हलत नव्हतं.

कुर्रम... कुर्रम...

आवाज सहा नंबरवरून येत होता.

खाट रिकामी होती. गादीसुद्धा उन्हात टाकलेली. नुसत्या लोखंडी पट्ट्या.

मी जवळ गेलो. आवाज थांबला.

पट्टीवर पांढरा चुरा पडला होता. मी बोट लावलं.

ओला होता...

सत्यभामा जागी झाली होती. माझ्याकडेच पाहत होती. हळूच म्हणाली, "जाईबाई माही गोळी मांगून राहिली, भाऊ. कडू हाय का, चाखून पायतो म्हनते."

जाईबाई गेली, असं मी सांगितलं.

"ते मले मालूम हाय. तरी मांगून राहिली."

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आता आवाज आला की बाकीच्यांचेही डोळे उघडायचे. सगळ्या माझ्याकडे पाहायच्या.

आठवड्यानं मी हिवरखेडची एस.टी. धरली.

डोमाजी अंगणात एकटाच दोरी वळत बसला होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. खडू. नंबर. कपाट. माझं हसणं.

त्याचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "तिनं सांगतलं."

कधी, असं मी विचारलं. जाईबाई दवाखान्यातून एकदाही घरी आली नव्हती.

"परवा."



तो तसाच, शांतपणे बोलत राहिला. चारचौघांच्या भल्यासाठी हाय, असं सांगितलं असतं तर ती हो म्हणाली असती. तिचा स्वभावच तसा. दुसऱ्याच्या लेकरासाठी तिनं काय काय सोसलं, ते गावाला माहीत आहे.

"पन इचाराले पायजे होतं," तो म्हणाला. "हे मी नाई म्हनत, बाबू. ते म्हनून राहिली."

आणि त्यानं माझ्या पाठीमागं पाहिलं. दाराकडं.

माझ्या मागं कुणीतरी श्वास घेतला...

मी वळलो नाही. तुम्हाला वाटेल, घाबरलो. नाही. तिला दाखवायला मला तोंड नव्हतं. तसाच उठलो, खाली मान घालून फाटकाबाहेर पडलो, आणि मिळेल त्या बैलगाडीनं निघालो.

याला आता नऊ वर्षं झाली. ती गोळी चांगली निघाली. आज ती दुकानात मिळते, माणसं तिनं बरी होतात. मी स्वतः ती शेकडो लोकांना दिली आहे. डॉक्टर चूक बोलले नव्हते, आणि तेच मला जास्त छळतं.

दवाखाना मी त्याच वर्षी सोडला आणि औषधांच्या दुकानात लागलो. हिवरखेडला पुन्हा गेलो नाही.

डोमाजी अजून आहे. तिकडून येणारे लोक सांगतात, तो रोज अंगणात बसतो आणि रिकाम्या दाराशी बोलतो. काय बोलतो, ते कुणाला नीट कळत नाही.

एकच वाक्य सगळ्यांना ऐकू येतं. कुणाची तरी समजूत काढल्यासारखं तो म्हणतो...

"बाबू येईन. येईन तो. थांब थोडी."