शेवटचा सूर लोवेलचा

मर्ल हाउगाने चर्चच्या पायरीवर बूट आपटून बर्फ झाडला आणि तो आत आला. गावात कुणी गेलं की गायनमंडळातल्या बार्बरशॉप चौकडीने गायचं, हे ठरलेलंच. वाद्य काही नाही. चार गळे आणि मर्लच्या खिशातली सूर देणारी शिट्टी. आज मात्र शवपेटीत लोवेल ट्वेट होता, आणि चौकडीची मुख्य चाल वर्षानुवर्षं त्याच्याच गळ्यात होती; बाकीचे तिघे साथीचे सूर धरायचे.

गेल्या हिवाळ्यात या तिघांनीच त्याला काढून टाकलं होतं. कागदाच्या गिरणीत छातीची वाट लागलेली, शेवटच्या लांब सुराला त्याचा दम पुरेना, आणि स्पर्धा तोंडावर आलेली. सांगायचं काम मर्लने आपणहून अंगावर घेतलं, तेही उघड्यावर, गाड्या लावतात तिथे.

"मधलं नाही गात मी, दम राखून ठेवतो," लोवेल म्हणाला होता. "शेवटचा सूर तेवढा धरू द्या."

"आणि चढावर गाडी बंद पडली, तर ढकलायची कोणी?"

ड्वाइट आणि कर्ट, उरलेले दोघे, खो खो हसले. लोवेल पुन्हा सरावाला आला नाही. त्याच्या जागी शाळेतला गाण्याचा मास्तर घेतला, आणि स्पर्धेत कुणी यांना विचारलंही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

आज लोवेलच्या बायकोने, आर्डिसने, त्या मास्तरला बाकावरून उठू दिलं नाही.

"तिघंच गा. त्याची जागा मोकळी ठेवा."

"अगं, चाल त्याच्याकडे असायची," मर्ल कुजबुजला. "नुसता सांगाडा ऐकू येईल."

"येऊ दे."

एका माणसाची जागा सोडून तिघे उभे राहिले. रंगीत काचांतून ऊन येत होतं. हे एकदाचं उरकलं की आर्डिसची माफी मागायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच मर्लच्या मनात होतं. गाणं रोजचंच, पण चालीवाचून ते कुणाला ओळखूही येईना. शेवटचा सूर आला. इथला नियम साधा: चाल गाणारा सूर सोडत नाही तोवर बाकीच्यांनी सोडायचा नाही.

आवाज नेमके जुळले की वर हवेत आणखी एक सूर वाजतो, कुणाच्याच गळ्यातला नसलेला. त्याच्या लोभानेच ही माणसं जन्मभर गातात. आजही एक सूर वाजला. पण तो वर नव्हता. तो मोकळ्या जागेत होता, मर्लच्या खांद्याला लागून... जरासा खरखरीत. आणि खोकल्याच्या गोळीचा तो ओळखीचा वास.

मर्लने हाताने खूण केली, थांबा. कुणी थांबलं नाही. ड्वाइटचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. मर्लच्या छातीत हवा उरली नव्हती, तरी त्याच्या तोंडातून आवाज येतच होता. तोंड मिटता येईना. समोर आर्डिस शांतपणे ऐकत बसली होती.

मग कधीतरी तोंडं सुटली.

खाली तळघरात कॉफी आणि हॅमचे सँडविच मांडले होते. आर्डिसने स्वतः मर्लच्या हातात कप दिला.

"सूर पुरा करू दिलात त्याला... बरं वाटलं."

"आर्डिस, मला तुझी..." मर्लला पुढचा शब्द निघेना. छाती वरखाली होत होती, हवा काही येत नव्हती. "तुझी... मा..."

तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"गाडी बंद पडली का रे, मर्ल?" ती हलकेच म्हणाली, आणि दुसऱ्यांना कॉफी द्यायला निघून गेली.

कप धुणाऱ्या बाईने मान वर करून छताकडे पाहिलं. "वर ऑर्गन चालूच राहिलाय वाटतं. एकच सूर वाजतोय केव्हाचा."

ऑर्गन वाजवणारी म्हातारी मर्लच्या शेजारीच केक खात बसली होती. तिने पर्समधून कुलूपबंद ऑर्गनची किल्ली काढून टेबलावर ठेवली.