नदीपलीकडचा कोट

धुकं अजून रस्त्यावरून उठलं नव्हतं. वेशीवरच्या ऐतिहासिक पाटीपाशी एक माणूस गुडघे टेकून बसला होता आणि खांबाला कान लावून ऐकत होता.

मी गाडी थांबवली. नदीच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पोचवायचे होते. पण असं काही दिसल्यावर न विचारता पुढे जाणं मला जमत नाही.

"काय म्हणतोय खांब?"

"आतून गंजलोय म्हणतोय." कपाळावरचं दव पुसत त्याने वर पाहिलं. "इतक्या पाट्या तपासल्या, पण गाडी थांबवून विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्याचं नाव एमरी. पाट्यांच्या सरकारी खात्यातला. जुनी पाटी बदलण्याआधी तिच्यावरचा मजकूर खरा आहे का, हे बघायला आला होता. आमच्या पाटीवर लिहिलं होतं, की सरहद्दीवरच्या कुटुंबांना आसरा देणारा कॅडलचा लाकडी कोट इथेच उभा होता.

"आणि नसला तर?"

"तर नवी पाटी नाही. असला तर पुढच्या उन्हाळ्यात खोदकाम. म्हणजे मी अख्खा उन्हाळा इथेच. तुम्हाला... कसं वाटेल?"

"कशाबद्दल?"

"कोटाबद्दल," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

गावात खळबळ उडाली. "गावाचं नाव फोर्ट कॅडल," बर्ल काका दुकानाच्या गल्ल्यावरून गरजला, "शाळेच्या संघाचं नाव कोटवाले, आणि हा राजधानीचा पोरगा विचारतो, कोट कुठे होता! डेल्फा, फिरव त्याला जरा. तुला इथला झरा न् झरा ठाऊक."

मी फिरवलं. ओल्या पानांवरून, कुंपणं ओलांडत. तो हात पुढे करायचा. मला गरज नसायची, तरी मी धरायचे. जुने कागद नदीच्या दोन्ही काठांकडे बोट दाखवत होते. एमरीचा कल आमच्या काठाकडे होता.

माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न घोळत होता. वेढा पडल्यावर कोटातली माणसं पाणी कुठलं पीत होती? आमच्या काठावरचे झरे गंधकाचे. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

रविवारी पाऊस थांबल्यावर मी एकटीच नदीपलीकडे गेले. तिथे मक्याच्या कापलेल्या शेतात गोड पाण्याचा झरा आहे. त्याच्या वरच्या अंगाला, नांगरलेल्या मातीत, जळून वीट झालेली चिखलाची ढेकळं सापडली. भिंतीच्या ओंडक्यांमधल्या फटी बुजवताना कुणाची तरी बोटं त्यांत उमटली होती. शेजारी हाताने घडवलेले खिळे. मी एका ठशात माझं बोट ठेवून पाहिलं. बरोबर बसलं.

पण नदीपलीकडे दुसरा जिल्हा. तिथलं काम खात्यातल्या दुसऱ्याच माणसाकडे. मी गप्प बसले असते, तर एमरी उन्हाळाभर माझ्या गावात राहिला असता...

दोन दिवस ती ढेकळं माझ्या खिशात होती. तिसऱ्या दिवशी मी ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि कुठे सापडली ते सांगितलं.

त्याने एका ठशावरून अंगठा फिरवला. "कुणाला सांगितलंस?" पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"तुलाच."

"बोलली नसतीस तर मी इथे राहिलो असतो."

"हो. चुकीच्या जागी खणत. आणि मी रोज ते बघत. मला नसतं जमलं, एमरी."

बर्ल काका माझ्याशी बोलेना; बोलला तेव्हा एवढंच, "पोरी, पलीकडच्यांना आयता कोट दिलास! आता फुटबॉलच्या सामन्यात त्यांना काय तोंड दाखवायचं?"

शनिवारी चर्चच्या अंगणात सफरचंदाचा गर आटत होता. तांब्याचा हंडा, खाली ओकची लाकडं, लवंग-दालचिनीचा धूर. ढवळायचा लांब दांडा एका बाईने आणि एका पुरुषाने मिळून धरायचा; त्याचं टोक हंड्याच्या कडेला लागलं, तर सगळ्यांसमोर चुंबन. एमरी निरोप घ्यायला आला, तर काकाने दांडाच त्याच्या हातात कोंबला.

"गावाची पाटी घालवलीस, आता काम तरी कर. धर डेल्फाबरोबर. घाबरू नकोस, तिचं कधी लागत नाही. भलेभले कोरडे परत गेलेत."

आम्ही ढवळू लागलो. एक फेरा... दुसरा. त्याची बोटं माझ्या बोटांना लागून होती.

"परत येशील?" मी हंड्याकडे बघत विचारलं.

"खातं नाही पाठवणार."

"मी खात्याला नाही विचारत."

आणि — टण्ण!

"लागलं!" काका ओरडला. सगळं अंगण वळलं.

"माझा हात हलला," एमरी घाईघाईने म्हणाला. "चूक माझी..."

"नाही. मी हलवला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मग तो वाकला. धूर, लवंग, आणि कुणीतरी घातलेली शीळ.

"तरी मला वाटतं, माझाच हात होता," तो कुजबुजला.

"एकदाच करून काही ठरत नाही. पुन्हा तपासावं लागेल."

"पुढच्या शनिवारी? स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या सुट्टीत?"

"ये. मी वाट बघेन."

"अरे, बघता काय एकमेकांकडे!" काकाने कपाळाला हात लावला. "खाली लागतंय! ढवळा!"