पेटीतली घोडी

बसा नीट. दार राहू दे उघडं. आणि मध्ये कुणी हसायचं नाही, कारण हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. त्याची पेटी मीच ठोकून दिली होती, म्हणून मला सगळं ठाऊक.

त्याला सगळे कवटीवाला म्हणायचे. मेलेल्या जनावरांच्या कवट्या मिळवायचा, उकळून, घासून पांढऱ्याफेक करायचा, मग त्यांवर रंगकाम, पितळी तारेची नक्षी, डोळ्यांच्या खोबण्यांत आरशाचे तुकडे. बोकड म्हणजे हट्ट, बैल म्हणजे कष्ट, असा प्रत्येकीला अर्थ. हातात कला होती, ते नाकारून चालणार नाही. मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं आणि याच्या डोक्यात आलं, मधोमध ‘निष्ठा’ हवी. घोड्याची.

घोडा म्हटल्यावर त्याला एकच आठवली. थोरल्या भावाची घोडी.

थोरला मालाची गाडी हाकायचा. त्या गाडीच्या जिवावर हा धाकटा चित्रकला शिकला. पुढे थोरल्याची नजर गेली, तरी सहा वर्षं त्याने गाडी सोडली नाही. लगाम नुसता हातात धरायचा. रस्ते घोडीला पाठ. संध्याकाळी बरोबर फाटकाशी आणून उभी करायची. ती मेली तेव्हा चार माणसं लावून त्याने तिला परसात पुरलं. शेवटची माती स्वतः चाचपडत सारखी केली आणि म्हणाला, “हिला आता कुणी हात लावायचा नाही.”

चार वर्षांनी थोरला तपासणीसाठी दवाखान्यात गेला असताना धाकट्याने भर दुपारी खणून तिचं डोकं काढून आणलं. मला म्हणाला, “दादाला काय दिसणार आहे?”

मी त्याच डोक्यासाठीच्या पेटीला रंधा मारत होतो. मारत राहिलो.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणून रात्री साडेअकराला तो पेटी स्कूटरवर पुढ्यात घेऊन हॉलकडे निघाला. गोदामांपाशी स्कूटर बंद पडली. हॉल तिथून पाच मिनिटांवर, अगदी नाकासमोर. त्याने पेटी उचलली आणि चालू लागला. तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे गेले.

पुढून टापांचा आवाज आला. सावकाश. दिवसभर राबून घरी निघालेल्या जनावराचा असतो तसा. त्याला आधी बरंच वाटलं. अंधारात कुणाची तरी सोबत. तो आवाजामागून चालत राहिला. आवाज वळला, तोही वळला.

मग त्याच्या ध्यानात आलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

तो थांबला.

टापाही थांबल्या.

तो उलट फिरला, दोन पावलं टाकली. टापा पुन्हा पुढ्यातच. सावकाश...

दिवे आले तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. आणि तो थोरल्याच्या फाटकात उभा होता.

थोरला पायरीवर बसलेला. जागा.

“आलीस?” थोरला म्हणाला. हळू, लाडाने. “आज कुणाला घेऊन आलीस?”

“दादा... मी आहे.”

“हातात काय आहे?”

“काही नाही.”

थोरला कान देऊन बसला. बराच वेळ.

“मग ती काय हुंगतेय?”

धाकट्याने पेटी पायरीवर ठेवली. थोरल्याने झाकण उघडलं. बोटं कपाळावरून फिरली. तारेवरून फिरली. खोबणीत गेली आणि आरशावर थांबली.

“हे काय बसवलंस?”

“डोळे... दादा.”

“तिला होते रे डोळे,” थोरला म्हणाला. “माझे गेले होते.”

पेटी छातीशी धरली, आत गेला, कडी लावली.

प्रदर्शन झालं. मधला चौथरा रिकामाच राहिला. थोरला आणखी दोन वर्षं जगला, पण धाकट्याशी एक शब्द बोलला नाही. धाकटा दर रविवारी जाऊन त्या पायरीवर बसायचा. दार उघडायचं नाही. मीही एकदा गेलो होतो, माफी मागायला. मलाही उघडलं नाही.

आता त्या रात्रीचंच राहिलेलं सांगतो. धाकटा चालत घरी आला. वाटेत काही ऐकू आलं नाही, काही अंगाला लागलं नाही. शर्ट काढला तर उजव्या खांद्यावर, मागच्या बाजूने, तळहाताएवढा हिरवा डाग. त्यात चावलेल्या गवताच्या दोन काड्या. घोडं माणसाच्या खांद्यावर तोंड टेकवून उभं राहिलं की लाळ लागते ना, तसा.

बायकोने शर्ट तीनदा धुतला. उन्हात घातला. मी स्वतः हात लावून पाहिला. सगळा शर्ट कडक वाळलेला...

तेवढी जागा ओली होती. आणि कोमट.