डाव्या कुशीवर

मोबाईल ठेवा बाजूला. ऐकीव गोष्ट न्हाई ही. सुदाम माझा शेजारी, ह्याच साखरा गावातला.

गेल्या दिवाळीनंतर सुदाम आन् त्याचा चुलतभाऊ नरसिंग, दोघांनाबी पंधरा दिवसांच्या अंतरानं अटॅक आला. महिन्याभरानं काळीज तपासायला माझ्याच जीपमधून हिंगोलीला नेलं. छातीवर थंडगार जेली लावतात. पडद्यावर काळीज हलताना दिसतं. डॉक्टर सांगत होते, "डाव्या कुशीवर व्हा. श्वास धरा... सोडा." काळीज किती रक्त फेकतं, त्याचा आकडा निघतो. त्याला पंपिंग म्हणतात.

नरसिंगचं निघालं पंचावन्न. म्हणजे चांगल्या माणसासारखंच. सुदामचं तीस.

सुदामच्या पोटात दुखलं. लहानपणापासून दुखायचं. विहिरीला पाणी नरसिंगच्या, पोरगं नोकरीला नरसिंगचं, आता काळीजबी त्याचंच चांगलं. नरसिंगला वाचता येत नव्हतं. दोघांच्या फायली सुदामच्या हातात. जीपमध्ये बसल्यावर म्हणला, "नरसिंग, तुझं तीस हाय. माझं पंचावन्न. जपून ऱ्हा बाबा."

नरसिंगनं हाय खाल्ली. शेताकडं जाणं सोडलं. जेवण तुटलं. दिवसभर बाजेवर छातीला हात लावून बसायचा. माघातल्या अवसेला गेला. गाव म्हणलं, काळीजच कमजोर होतं त्याचं.

मीबी तेच समजून होतो. तेराव्यानंतर दोन दिवसांनी, दिवेलागणीला, सुदामनं खरं सांगितलं. काहून सांगितलं? झोप उडाली होती त्याची.

तेराव्याच्या रात्री, बराबर पावणेतीनला, अंधारात आवाज आला. नरसिंगचा.

"सुदाम... डाव्या कुशीवर हो."

छातीवरून काहीतरी थंड फिरलं.

"श्वास धर..."

मग, "सोड."

दुसऱ्या रात्री 'सोड' यायला लई वेळ लागला.

मी म्हणलं, "आत्ताच्या आत्ता नरसिंगच्या घरी, पद्मावहिनीकडं जा. नवऱ्याचं काळीज चांगलं होतं, एवढं तरी कळू दे तिला. मोकळा होशील."

तो मग म्हणला, "सांगितलं तर गावाला कळंल, माझंच तीस व्हतं. मेल्यावरबी तोच वर का?"

मला राग आला. मेलेल्या माणसावर जळणाऱ्याला काय सांगणार? उठून घरी आलो. थांबायला पायजे होतं, पोरांनो.

ती तिसरी रात्र.

त्याची बायको मिराबाई आतल्या खोलीत जागी होती. पावणेतीन झाले. बाहेर बाज करकरली, कुशीवर वळल्यागत. मग सुदामनं मोठा श्वास घेतल्याचं तिला ऐकू आलं.

मग...

काहीच न्हाई.

तिला वाटलं, लागला डोळा एकदाचा.

सकाळी तिनं मला हाक मारली. सुदाम डाव्या कुशीवर होता. ओठ गच्च मिटलेले. गाल फुगलेले. पद्मावहिनीला खरं काय ते मग मीच सांगितलं. ती उठून आत गेली.

पण त्या सकाळी सुदामच्या सदऱ्याची बटणं उघडी होती. छातीवर डाव्या बाजूला जेली, बोटभर जाड. मी माझ्या पंच्यानं पुसली.

वाळलीबी नव्हती.