दक्षिणेची पडवी

“दक्षिणेकडची खिडकी उघडायची नाही हं, शकुन. दिवेलागणीला तर नाहीच.”

आई गेली, तरी तिचा हा आवाज माझ्याबरोबर वेंगुर्ल्याहून खिदिरपूरला आला. अप्पा कस्टममध्ये होते. गोदीजवळच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. त्या बाजूची खिडकी मी पहिल्याच दिवशी लावून घेतली. सगळं कलकत्ता संध्याकाळी ज्या वाऱ्यासाठी गच्चीवर चढतं, तो वारा आमच्या बंद झडपांवर आपटून परत जाई. अप्पांना दमा. पहाटेची पूजा, सोमवारचा उपास, अप्पांची पाठ चोळणं... सव्विसाव्या वर्षीच मी दमून गेले होते.

माघातल्या एका दुपारी तुळशीचं रोप घेऊन मी ट्राममध्ये उभी होते. डब्यातली माती सांडत होती. “सांभाळ गं बाई,” मी रोपाला म्हटलं, तर बाकावरचा एक चष्मेवाला माणूस उठला — आणि चक्क मराठीत म्हणाला,

“तिला बसवा इथं. तुम्हाला बसा म्हटलं, तर तुम्ही नको म्हणाल.”

मी खरंच नको म्हणणार होते. तुळस बसली. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे, आणि उतरेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

त्यांचं नाव श्यामकांत पटवर्धन, हे पुढे अप्पांकडून कळलं; गोदीत दोघांची ओळख होती. जन्म इथलाच, गोदीच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. बंगाली मंडळी त्यांना शामबाबू म्हणत. अप्पांना बुद्धिबळाला जोडीदार हवाच होता, त्यामुळे ते दर रविवारी येऊ लागले. त्यांच्या मराठीत ‘ती पडवी’चा ‘तो पडवी’ होई. मी हसले की म्हणत, खुशाल हसा, पण चहात साखर विसरू नका.

डाव मोडला की घराच्या गोष्टी निघत. शहराच्या कडेला, बेहाल्याला, त्यांनी जमिनीचा लहानसा तुकडा घेतला होता, आणि वेंगुर्ल्याचं आमचं घर कसं होतं हे ते खोदखोदून विचारत. मी सांगे — चिऱ्याच्या भिंती, पुढे ओटी, तीन बाजूंनी पडवी, आणि कौलं इतकी खाली उतरलेली की आत येणाऱ्याला वाकावंच लागे. म्हणून वैशाखातही माजघरातली जमीन पायांना गार.

“म्हणजे घरच आधी नमस्कार करायला लावतं,” ते म्हणाले.

इथल्या खेड्यांतली छपरंही अशीच वाकलेली असतात म्हणे. समुद्राजवळची माणसं एकमेकांना न विचारता सारखीच घरं बांधतात, असं त्यांचं म्हणणं. तुमची ओटी, आमच्या हिरव्या झडपा, लाल गुळगुळीत जमीन... बोलताना त्यांचा दमलेला चेहरा उजळे. दिवसभर गोदामांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला घर काढायची केवढी हौस!

एका रविवारी अप्पा आत पडून होते. मी अंगणात रांगोळी घालत होते. श्यामकांत समोर उकिडवे बसले, माझ्याकडून चिमूटभर रांगोळी मागून घेतली आणि फरशीवर घर काढू लागले. ओटी, माजघर, देवघर... तुळशीची जागा मोकळी ठेवून म्हणाले, “ही तुम्ही काढा.” मी पूर्वेला वृंदावन काढलं.

मग त्यांनी दक्षिणेची रेघ बोटानं पुसली आणि तिथं एक रुंद पडवी काढली.

मी ती रेघ पुन्हा ओढली. त्यांनी पुन्हा पुसली. मी पुन्हा ओढली. दोघांचीही बोटं पांढरी झाली होती.

“त्या पडवीला लागून ही खोली कुणाची?” मी विचारलं.

“अप्पांची. वारा नको त्यांना?”

“अप्पा आषाढात पेन्शन घेऊन वेंगुर्ल्याला जाणार...”

“ते कुठं राहतील, ते तुम्ही कुठं राहणार त्यावर आहे,” ते हळूच म्हणाले. “मी तुम्हालाच विचारतोय.”

मी आईचा शब्द सांगितला. दक्षिणेला उघडणाऱ्या घरात मी दिवा कसा लावू? ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतीच हातावरची रांगोळी झटकली.

“अक्षय्य तृतीयेला पाया खणायचाय. ही बाजू उघडी की बंद, ते तुम्ही येऊन सांगा. बंद म्हणालात, तर मला दुसरंही उत्तर कळेल.”

“येईन,” मी म्हटलं. “नाही म्हणायचं असलं, तरी येऊन म्हणेन. शब्द देते.”

त्यानंतर ते आले नाहीत. उकाडा वाढला, अप्पांची धाप वाढली. मी जपाला बसे आणि मणी बोटांत तसाच थांबे... तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी अप्पांना खोकल्याची उबळ थांबेना, तेव्हा मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

अप्पा उशीला टेकून बसले.

“अगं, आपल्या घराच्या दक्षिणेला मसणवट होती. धूर आत यायचा, तू भ्यायचीस. म्हणून तुझी आई ती खिडकी लाव म्हणायची. तिला कुठं ठाऊक होतं कलकत्ता?”

मला तर त्या बाजूला फक्त माड आठवत होते. अप्पा खरं सांगत होते, की माझ्यासाठी रचत होते? त्यांनी माझी नजर चुकवली. मीही विचारलं नाही.

सकाळी पूजा आटोपली. देवापुढे डोकं टेकवून आईला म्हटलं, रागावू नकोस. अप्पांचा भात झाकून ठेवला, पदर खांद्यावरून घेतला. ते पडल्या पडल्या बघत होते.

“बेहाल्याला जाऊन येते,” मी म्हटलं.

“ऊन फार आहे.” मग थोडं थांबून, दम घेऊन म्हणाले, “त्याला म्हणावं, माझा पलंग साडेसहा फुटी आहे. आणि उशी मी दक्षिणेलाच करतो. खिडकी तिकडेच ठेव.”

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. मी दार हलकेच लोटलं आणि बेहाल्याच्या ट्रामकडे चालू लागले.